पानगळ झालेली डेंड्रोबियम बार्बॅट्युलम: पाणी वाढवावे की थांबवावे?

अंगणवेल:
गेल्या जूनमध्ये आंबोलीजवळच्या आमच्या गावी घरामागचा ऐनाचा वृक्ष वादळात मोडला. त्याच्यावर वाढलेली आमरी (ऑर्किड) मी फांदीच्या तुकड्यासकट पुण्याला आणली. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका परिचितांनी छायाचित्रे पाहून ती डेंड्रोबियम बार्बॅट्युलम असावी, असे सांगितले. पावसाळाभर पूर्वेकडच्या गॅलरीत ती उत्तम वाढली, दोन नवे कोंबही आले. मात्र दिवाळीनंतर पाने पिवळी पडून गळू लागली, म्हणून मी रोज पाणी देऊ लागलो आणि मुळांभोवती ओले शेवाळ गुंडाळले. आता सात खोडांवर मिळून एकही पान उरलेले नाही, आणि दोन खोडे बुडाशी काळी पडून मऊ झाली आहेत. ती वाचेल का?

रानवाटसरू:
पाने गळली हा रोग नव्हे, तो या जातीचा ऋतुक्रम आहे. घात झाला आहे तो त्यानंतर दिलेल्या पाण्याने. पश्चिम घाटातील ही आमरी पावसाळ्यात पाने धरते, त्या चार महिन्यांत फुगीर खोडांत पाणी व अन्न साठवते, पाऊस सरल्यावर निष्पर्ण होते आणि साधारण जानेवारी ते मार्च या काळात त्याच उघड्या खोडांवर पांढरी फुले आणते. रोपवाटिकेत मिळणारी जांभळी संकरित डेंड्रोबियम बहुधा सदाहरित असतात, म्हणून त्यांच्यासाठी दिलेला बारमाही पाण्याचा सल्ला इथे लागू पडत नाही.

शेवाळ आजच काढा आणि पाणी पूर्ण बंद करा. मऊ झालेली खोडे ज्योतीवर तापवून गार केलेल्या ब्लेडने निरोगी भागापर्यंत कापा आणि कापावर दालचिनीची पूड लावा. उरलेली खोडे सुरकुतली तरी घाबरू नका. दाबून पाहिल्यावर टणक लागली म्हणजे पुरे.

ओळखीबद्दल एक पुस्ती. डेंड्रोबियम ओव्हेटम ही जात पाने नसताना हुबेहूब अशीच दिसते, तेव्हा फुले येईपर्यंत नावाचा आग्रह नको. तिची फुले लहान व पिवळसर असतात. बार्बॅट्युलम म्हणजे छोटी दाढी असलेली. फुलाच्या ओठावरची, म्हणजे पुढच्या वेगळ्या दिसणाऱ्या पाकळीवरची, लव पाहिली की वनस्पतिशास्त्रज्ञ लिंडली यांनी १८३० मध्ये दिलेले हे नाव पटते.

घाटमाथ्यावरून:
पाणी पूर्ण तोडावे, याच्याशी मी सहमत नाही. आंबोलीत वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि पुढे हिवाळ्यातही पहाटेचे धुके व दव मुळांना ओलावा देतात. पुण्याच्या सिमेंटच्या गॅलरीत ते कुठून येणार? आठवड्यातून एकदा सकाळी बारीक फवारा मारावा, तोही असा की नऊ-दहापर्यंत सर्व सुकेल. मुळांवरचे पांढरे स्पंजासारखे आवरण भिजले की हिरवट दिसते आणि सुकले की पुन्हा पांढरे होते. दुपारीही ते हिरवटच दिसले, तर पाणी जास्त झाले असे समजावे.

कुंडीत मात्र लावू नका. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, त्यामुळे मुळांना पकड मिळते आणि पाणीही साचत नाही. तोच तुकडा नायलॉनच्या दोरीने उभा टांगा; तांब्याची तार टाळा, ती मुळांना मानवत नाही. जूनमध्ये नवे कोंब दिसले की रोज पाणी आणि पंधरवड्याने १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद व पालाश समप्रमाणात असलेले), लिटरला अर्धा ग्रॅम. त्या काळात रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी वेचाव्या लागतात. माझे वर्षभराचे तीन कोंब एका रात्रीत फस्त झाले होते.

अंगणवेल:
दोघांचेही आभार. शेवाळ काढले, दोन खोडे कापली. उरलेली पाच टणक आहेत, आणि त्यांपैकी दोघांच्या शेंड्याजवळ, पेरांच्या बाजूला, मोहरीएवढे हिरवट उंचवटे दिसतात. त्या कळ्या असतील का?

रानवाटसरू:
जागा पाहता कळ्यांचीच शक्यता अधिक. नवे कोंब सहसा बुडाशी येतात. फुले उमलेपर्यंत तुकड्याची जागा किंवा दिशा बदलू नका, आणि फवारा मारायचा झाल्यास केवळ मुळांवर मारा.