घरी एकटीने प्रार्थना करताना विश्वासाचा आधार कसा मिळतो?

प्रश्न (निवृत्त शिक्षिका, चोपडा तालुका)

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मी निवृत्त झाले असून गेल्या पावसाळ्यात माझे पती प्रभूमध्ये झोपी गेले, म्हणजे वारले. मुलगा सुरतला आणि मुलगी पुण्याला असते. आमच्या गावात ख्रिस्ती घर आमचे एकच आहे. शेजारपाजार मायेचा आहे, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. परंतु प्रार्थनेला सोबत असे कोणीच उरलेले नाही. रविवारी बसने तालुक्याच्या गावी उपासनेला जाते, तेवढा दिवस बरा जातो.

खरी अडचण संध्याकाळची आहे. घरच्या प्रार्थनेत गीताचा सूर तेच लावीत आणि मी त्यांच्या मागून म्हणत असे. आता पहिली ओळ मीच धरते, ती एक तर फार वर जाते किंवा फार खाली राहते, आणि दुसऱ्या कडव्याच्या आत गीत सुटते. मग शास्त्र उघडावेसेही वाटत नाही. मंडळीतील, म्हणजे आमच्या चर्चमधील, एका भगिनीजवळ हे बोलले, तेव्हा त्या म्हणाल्या, “येशू सोबत असताना एकटेपण कसले?” त्यांनी ते मायेनेच म्हटले असेल, पण तेव्हापासून मी हा विषय कोणाजवळ काढलेला नाही. माझे विचारणे इतकेच आहे की, एकटे वाटणे हे विश्वास कमी पडल्याचे लक्षण आहे काय? आणि तसे नसेल, तर या विश्वासातून सांत्वन नेमके मिळते तरी कसे?

उत्तर (पाळक, नवापूर तालुका)

ताई, सलाम. आमच्या भागातील पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि घरी म्हातारी माणसे राहतात, त्यामुळे तुमचा प्रश्न मला नवा नाही. आधी स्पष्ट उत्तर देतो: नाही, हे विश्वास कमी पडल्याचे लक्षण नाही. तसे असते तर एलीया संदेष्ट्याला आपल्याला अविश्वासू म्हणावे लागले असते.

बायबलमधील 1 राजे 19 हा एलीयाचा अध्याय कृपा करून सावकाश वाचा. कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या संदेष्ट्यांवर एवढा मोठा विजय मिळवलेला हा माणूस ईजबेल राणीच्या धमकीने पळत सुटतो, आपल्या चाकराला बैर-शेबा येथे ठेवून एकटाच रानात एक दिवसाची वाट चालून जातो आणि झुडपाखाली बसून “आता माझा जीव घे” असे म्हणतो. सोबतीला असलेला एकमेव माणूस त्याने स्वतःच मागे ठेवला, हे ध्यानात घ्या. मन खचलेला माणूस पुष्कळदा असेच करतो, आणि तुम्ही मंडळीत बोलणे थांबवले हे वाचून मला तेच आठवले. आता देव त्याला काय करतो ते पाहा. तो त्याला उपदेश करीत नाही. तो त्याला झोपू देतो. देवदूत येऊन त्याला स्पर्श करतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे त्याच्या उशाशी असते. तो खातो आणि पुन्हा झोपतो, तरी कोणी त्याच्यावर रागावत नाही. दुसऱ्या वेळी देवदूत म्हणतो की ऊठ, खा, कारण वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे. वाट अवघड आहे, हे देवाकडूनच कबूल केले जाते.

पुढे होरेब डोंगरावर देव त्याला दोनदा एकच प्रश्न विचारतो आणि एलीया दोन्ही वेळा जवळजवळ त्याच शब्दांत, मी एकटाच उरलो आहे, अशी तक्रार करतो. देवाशी प्रत्यक्ष बोलणे होऊनही त्याचे एकटेपण तिथल्या तिथे गेले नाही. मग देवाने त्याला काम दिले, बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार लोक इस्राएलात आहेत हे सांगितले, आणि त्याच्या जागी येणाऱ्या अलीशाचे नाव दिले. अलीशा बैलांच्या बारा जोड्या चालत असलेल्या शेतात नांगर धरून होता. म्हणजे देवाने दिलेल्या सांत्वनात झोप होती, भाकर होती, काम होते आणि एक जिवंत माणूस होता. “येशू सोबत आहे” हे अगदी खरे आहे, परंतु त्या सत्याचा अर्थ माणसाची गरज संपली असा होत नाही. स्वतः प्रभूने गेथशेमाने बागेत पेत्राला आणि जब्दीच्या दोन्ही मुलांना, माझ्याबरोबर जागे राहा, अशी विनंती केली होती. ज्याने स्वतः सोबत मागितली, तो तुम्हाला ती मागितल्याबद्दल दोष देणार नाही.

उत्तर (सुरत येथे नोकरी, मूळ गाव नंदुरबार जिल्हा)

बाई, आपण शिक्षिका होता म्हणून बाईच म्हणतो. मी आपल्या मुलाच्याच शहरात खोली करून राहतो. पाळकसाहेबांनी एलीयाबद्दल लिहिले, मला प्रेषित पौलाबद्दल लिहावेसे वाटते. त्याने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा चौथा अध्याय मी कामावरून आल्यावर पुष्कळदा वाचतो. पौल तुरुंगात आहे, देमास त्याला सोडून गेला आहे, बाकीचे ठिकठिकाणी गेले आहेत आणि फक्त लूक जवळ आहे. तो तीमथ्याला लवकर येण्यास सांगतो, मार्कालाही बरोबर आण म्हणतो, त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा आणि पुस्तके, विशेषतः चर्मपत्रे, मागवतो आणि शेवटी हिवाळ्यापूर्वी येण्याची आठवण करतो. त्याच अध्यायात, सर्वांनी मला सोडले तरी प्रभू माझ्याजवळ उभा राहिला, असेही तो लिहितो. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने एकाच पत्रात लिहिल्या, याचा मला परक्या शहरात फार मोठा आधार वाटतो. प्रभू जवळ आहे असे म्हणणाऱ्याने झगा मागण्यात आणि मित्राला बोलावण्यात कमीपणा मानला नाही.

आपल्या मुलाला हे सारे सांगा, ही माझी हात जोडून विनंती आहे. माझी आई फोनवर नेहमी “बरं आहे” एवढेच म्हणते, आणि फोन ठेवल्यावर मला रात्रभर झोप लागत नाही.

उत्तर (निवृत्त परिचारिका, धुळे)

ताई, वरील दोन्ही उत्तरे मला पटली, मात्र एका बाबतीत सावध करावेसे वाटते. दुःखाची वचने एकटीने रोज वाचत बसल्याने मन हलके होईलच असे नाही. ती मोठ्याने आणि शक्यतो कोणाबरोबर म्हटली, तर अधिक उपयोगी पडतात. स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे तक्रारीची आहेत आणि ती मुळात उपासनेत म्हणण्यासाठी जपली गेली. 102 वे स्तोत्र पाहा. त्यात जागत राहिलेला माणूस स्वतःला धाब्यावरच्या एकट्या चिमणीसारखा म्हणतो. खानदेशातल्या धाब्याच्या घरांत वाढलेल्या आपल्यासारख्यांना ते चित्र समजावून सांगावे लागत नाही.

गीताबद्दल एक उपाय सुचवते, तो आमच्या मंडळीत चालतो. आमच्या दोन वृद्ध भगिनी रात्री आठ वाजता एकमेकींना फोन करतात. एक सूर धरते, दुसरी मागून म्हणते, मग एक स्तोत्र आणि प्रभूची प्रार्थना, आणि फोन बंद. पाऊण तास गप्पा मारायच्या नाहीत असे त्यांनीच ठरवले आहे, म्हणून त्यात कधी खंड पडत नाही. तुमच्या मंडळीत सूर धरणारी एखादी भगिनी नक्की असेल, आणि तिलाही कदाचित मागून म्हणणारे कोणी हवे असेल. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदे तुम्ही गात असालच. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900 साली. मधला बराच काळ ती दोघे एकमेकांपासून दूर होती. ती पदे रचणाऱ्याला रिकाम्या घराची ओळख नव्हती असे समजू नका.

आता परिचारिका म्हणून विचारते. जेवण वेळेवर होते का? झोप लागते का? आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, अन्नावरची वासना गेली असेल, जगू नये असे वाटत असेल, तर प्रार्थना चालू ठेवून डॉक्टरांना दाखवा. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे, तो अहोरात्र लागतो आणि मराठीत बोलता येते. औषध घेतल्याने विश्वास उणा पडत नाही.

प्रश्नकर्त्या

आपणा सर्वांचे मनापासून आभार. भाकरीचा उल्लेख वाचून मी थोडा वेळ थांबले, कारण आमच्या शेजारच्या आक्का रोज संध्याकाळी माझ्यासाठी एक कळण्याची भाकरी जास्त थापतात आणि ताटलीवर फडके टाकून ओट्यावर आणून ठेवतात. आजवर मी ती शेजारधर्म म्हणून घेत आले, आता देवाची सोय म्हणून घेईन. झोप बरी लागते. मुलाला फोन करून सगळे सांगितले आहे. एकच विचारायचे राहिले: 88 वे स्तोत्र शेवटपर्यंत अंधारातच राहते. असे स्तोत्र प्रार्थनेत म्हणावे काय, आणि आक्का ख्रिस्ती नाहीत, त्या कधी प्रार्थनेच्या वेळी बसल्या तर चालेल काय?

उत्तर (पाळक, नवापूर तालुका)

ताई, अवश्य म्हणावे. त्या स्तोत्राचा शेवट अंधारात होतो हे खरे, पण त्याची पहिलीच ओळ देवाला हाक मारणारी आहे आणि शेवटपर्यंत बोलणे त्याच्याशीच चालले आहे. मात्र सुरुवात 13 व्या स्तोत्राने करा, ते सहाच ओव्यांचे आहे, “किती वेळ?” असे चारदा विचारते आणि गीत गाण्यावर येऊन थांबते. 88 वे नंतर, फोनवर सोबत कोणी असेल त्या दिवशी घ्या. आक्कांना आनंदाने बसू द्या. त्यांच्यावर काही लादू नका आणि त्यांच्यासाठी तुमची प्रार्थना लपवूही नका. रविवारी उपासना संपल्यावर तुमच्या पाळकांना दहा मिनिटे मागा आणि इथे लिहिले तेच त्यांना सांगा, म्हणजे सूर धरणारी भगिनी शोधण्याचे काम ते करतील.