पाइपलाइनला हरकत घ्यायची आहे, नऊच दिवस उरलेत. मुद्दे कसे मांडू?

काठावरची
तातडीने मदत हवी आहे. आमच्या विहिरीपासून दीडशे पावलांवर लाल खुंट्या ठोकून गेलेत. नैसर्गिक वायूची पाइपलाइन येणार म्हणे. लेखी हरकत द्यायला नऊ दिवस उरलेत. माझा मसुदा वाचून ओळखीचे वकील म्हणाले, "यात राग आहे, मुद्दा कुठाय?" आरोग्य आणि पर्यावरण यांवर ठोस काय लिहू? विकासाला विरोध का, हे कृपया विचारू नका. ते घरात रोज ऐकतेय.

जुना_वेल्डर
व्यास किती? दाब किती? मुख्य वाहिनी की घरोघरी वायू पोचवणारी? एवढं तरी सांगा.

पाऊलखुणा
आमच्याकडे तीन वर्षं पाइपचा गॅस आहे, काही त्रास नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साचतो. हा हलका, वर निघून जातो. खिडकी उघडी ठेवा, झालं. उगाच घाबरू नका.

जुना_वेल्डर
@पाऊलखुणा, त्यांनी स्वयंपाकघराचं विचारलेलं नाही. शेगडीच्या नळीतला दाब कुठे आणि मुख्य वाहिनीतला कुठे!

काठावरची
मुख्य वाहिनी. नोटिशीत ३० इंच लिहिलंय. दाब कुठेच नाही.

जुना_वेल्डर
मग पहिलं पत्र त्याचंच. दाब लेखी मागा आणि पोच घ्या. अमेरिकेच्या नियमांत एक सूत्र आहे: दाबाचं (पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर किती पौंड) वर्गमूळ गुणिले व्यास (इंच) गुणिले ०.६९. उत्तर फुटांत येतं. पाइप फुटून पेटला तर तेवढ्या अंतरापर्यंत जीवघेणी धग पोचू शकते. १००० पीएसआय धरलं तर साधारण ६५५ फूट, म्हणजे २०० मीटर. तुमची दीडशे पावलं त्याच्या आतच. नकाशावर वर्तुळ काढून जोडा.

मी २२ वर्षं जोडकाम केलंय, म्हणून सांगतो, कागदावर विसंबू नका. कॅलिफोर्नियात सॅन ब्रुनोला २०१० मध्ये फुटली ती वाहिनीही ३० इंचीच होती, १९५६ ला टाकलेली. ८ माणसं गेली, ३८ घरं खाक झाली. कंपनीच्या नोंदीत पाइप लांबीत बिनजोडाचा होता. प्रत्यक्षात जोड होता आणि तोच कच्चा निघाला. वायू बंद करायला ९५ मिनिटं लागली. म्हणून झडपा किती अंतरावर आहेत आणि दुरून बंद करता येतात का, हे विचाराच.

निरभ्र
स्फोट कधीतरी होतो, धूर रोजचा असतो. जवळपास कंप्रेसर स्टेशन आहे का?

काठावरची
नकाशात शाळेच्या मैदानामागे एक चौकोन आहे, खाली 'सी. एस.' लिहिलंय. मला ते ऑफिस वाटलं होतं.

निरभ्र
अहो, सी. एस. म्हणजे कंप्रेसर स्टेशनच असणार, हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं! वायू पुढे ढकलायला तिथे इंजिनं चालतात. ती वायूवर चालणारी असली तर नायट्रोजनची ऑक्साइडं आणि फॉर्माल्डिहाइड हा विषारी वायू बाहेर पडतो. दुरुस्तीच्या वेळी वाहिनीतला वायू मोठ्या आवाजात हवेत सोडतात ते वेगळंच. दम्याच्या मुलांना याचा त्रास होतो. इंजिनं वायूवर की विजेवर ते विचारा, आणि काम सुरू होण्याआधी शाळेपाशी हवेचं मोजमाप मागा.

अमेरिकेत व्हर्जिनियात युनियन हिल वस्तीतल्या लोकांनी हेच धरून ठेवलं. अपील न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये तिथल्या स्टेशनचा परवाना रद्द केला. वस्तीच्या आरोग्यावर काय परिणाम होईल याचा नीट विचारच झाला नव्हता. ते स्टेशन जिच्यासाठी होतं, ती अख्खी अटलांटिक कोस्ट पाइपलाइन कंपन्यांनी त्याच जुलैत सोडून दिली.

सरळरेषा
कोळसा नको, वायूही नको, मग वीज कुठून आणायची? वायू जाळला की कोळशाच्या निम्माच कार्बन डायऑक्साइड निघतो.

निरभ्र
जाळला तर. न जळता गळला तर? हा वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि २० वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण ८० पट तापवतो. थोडीशी गळतीही तुमचा तो 'निम्म्या'चा फायदा खाऊन टाकू शकते.

सरळरेषा
गळती थांबवा की मग! पाइपच नको हा कुठला न्याय? मी छतावर सौर पॅनेल लावलेत, रात्री काय होतं मला विचारा.

ओढाकाठ
सौरचा वेगळा धागा काढा. ताई, हवामानाचं एका परिच्छेदात उरका, सुनावणीत "हा धोरणाचा प्रश्न" म्हणून बाजूला सारतात. पाणी धरा. न्यूयॉर्क राज्याने कॉन्स्टिट्यूशन पाइपलाइनला २०१६ मध्ये पाण्याच्याच मुद्द्यावर प्रमाणपत्र नाकारलं, २०२० मध्ये कंपनीने प्रकल्प सोडला. तुमची वाहिनी ओढा ओलांडते का?

निरभ्र
पाणी महत्त्वाचंच, पण शाळा मागे पडता कामा नये.

कायदाप्रेमी
भारतात असाल तर १९६२ च्या पाइपलाइन कायद्याखाली अधिसूचनेपासून २१ दिवसांत हरकत द्यावी लागते. भरपाईचं गणित हवं असेल तर सविस्तर लिहितो.

काठावरची
भरपाई नकोय हो. मुदत वकील बघतायत.
ओढा दोनदा ओलांडते, दुसऱ्यांदा विहिरीच्या वरच्या अंगाला.

ओढाकाठ
मग उघडा चर खणणार की ओढ्याखालून आडवं छिद्र पाडणार, हे विचारा. छिद्र पाडताना बेंटोनाइट या चिकणमातीचा चिखल दाबाने सोडतात, तो फटीतून वर येऊन ओढा गढूळ करू शकतो. आणि विहिरीचं पाणी आत्ताच तपासून ठेवा. नंतर बिघडलं तर आधी कसं होतं ते दाखवायला हाच कागद लागेल.

काठावरची
दाबाचं पत्र आज दिलं, पोच घेतली. शाळेतल्या दोन बाईंनी सही द्यायचं कबूल केलंय. मसुदा उद्या इथे टाकते. पाण्याच्या नमुन्याला बाटली काचेची लागते की प्लास्टिकची?

ओढाकाठ
प्रयोगशाळेकडूनच मागून घ्या, तपासणीप्रमाणे बाटली बदलते. भरताना तारीख-वेळ लिहा आणि शेजाऱ्याला साक्षीला उभं करा.