तंत्रस्नेही सरांची बदली झाली, आता शाळेतील तंत्रज्ञानाची घडी कशी बसवावी? मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या एका प्राथमिक शाळेत काम करते. पहिली ते पाचवीचे वर्ग, पट ६८ आणि शिक्षक तीन. पट दीडशेच्या आत असल्याने मुख्याध्यापकाचे स्वतंत्र पद नाही; सेवाज्येष्ठतेमुळे प्रभार माझ्याकडे आहे आणि दुसरी-तिसरीचा जोडवर्गही मीच घेते. माझ्या सेवेची पाचच वर्षे उरली आहेत, हेही सांगून ठेवते, कारण पुढच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे.

२२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाच्या शासन निर्णयानंतर गावोगावी लोकवर्गणीतून डिजिटल शाळा उभ्या राहिल्या, त्यांतलीच आमचीही एक. आधी प्रोजेक्टर आला आणि पुढे ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून मोठा स्पर्शपटल (टच स्क्रीन) घेऊन दिला. हे सगळे ज्यांनी चालवले ते आमचे तंत्रस्नेही सर गेल्या ऑनलाइन बदल्यांमध्ये दुसऱ्या तालुक्यात गेले. त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. आजही फोन केला तर ते मधल्या सुट्टीत आवर्जून उत्तर देतात. मात्र शाळेचे ईमेल खाते, यूट्यूब वाहिनी, चाचण्यांचे गूगल फॉर्म आणि पालकांचा व्हॉट्सॲप गट असे सर्व काही त्यांच्याच मोबाइल क्रमांकावर उघडलेले होते. यू-डायस प्लसचा (शाळेची माहिती भरण्याच्या सरकारी संकेतस्थळाचा) पासवर्ड तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून बदलून मिळाला, तेवढा प्रश्न सुटला. बाकीच्या खात्यांसाठी मात्र ओटीपी त्यांना येतो, ते वर्गात असतात आणि त्यांनी तो कळवेपर्यंत त्याची मुदत संपलेली असते.

परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाल्यापासून आमच्या गावाला वाटते की प्रत्येक शाळेत असा एक तरी शिक्षक हवा. माझी अडचण नेमकी त्या ‘एक’ शब्दाची आहे. तो एक गेला की शाळा दहा वर्षे मागे जाते, आणि तो असेपर्यंत बाकीचे आम्ही ‘सर बघतील’ म्हणून मोकळे होतो. त्या मोकळे होणाऱ्यांत मीही होते.

प्रभार आल्यावर मी जी चूक केली ती लपवत नाही. प्रत्येकाने रोज किमान एक तासिका पटलावर घ्यावी आणि तशी नोंद वहीत करावी, अशी लेखी सूचना मी काढली. महिनाभरात वही अगदी नीटनेटकी भरली. एके दिवशी मी सहज चौथीच्या वर्गात मागे जाऊन बसले. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरची कविता लावलेली होती, मुले चालीवर छान म्हणत होती आणि शिक्षिका टेबलाशी बसून आधारवरील नाव आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नाव जुळत नसलेल्या मुलांची यादी करत होत्या. अपार आयडीचे (प्रत्येक विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकाचे) काम त्याच दिवशी द्यायचे होते, तेव्हा त्यांना काय बोलणार? कविता संपल्यावर मी एका मुलाला तेच कडवे पुस्तकातून वाचायला सांगितले. पाठ असलेल्या ओळी त्याने घडाघडा म्हटल्या, पण बोट ठेवून एक शब्द विचारला तेव्हा त्याला तो वाचता आला नाही. त्यानंतर ती वही मी बंद केली.

याउलट, आमच्याकडे निवृत्तीला दोन वर्षे राहिलेले एक गुरुजी आहेत. ते पटलाला हातही लावत नाहीत. ते एवढेच करतात की मुलाचे वाचन स्वतःच्या साध्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून लगेच त्यालाच ऐकवतात. पाचवीतली एक मुलगी स्वतःचा आवाज ऐकून म्हणाली, “गुरुजी, मी जोडाक्षर आलं की थांबते.” हे निदान तिचे तिने केले होते. तंत्रज्ञानाचा याहून चांगला वापर मी आमच्या शाळेत पाहिलेला नाही, आणि गुरुजींना मात्र आपण ‘तंत्रज्ञान वापरतो’ हे मान्यच नाही!

आता माझे प्रश्न. पहिला खात्यांचा. शाळेच्या नावाने नवे सिमकार्ड घ्यावे असा माझा विचार आहे, पण ते कोणाच्या कागदपत्रांवर घ्यावे, त्याचे रिचार्ज कोणत्या खर्चातून दाखवावे आणि प्रभार बदलताना पासवर्डची नोंद दप्तर हस्तांतराच्या यादीत कशी घ्यावी? आपल्यापैकी कोणाच्या शाळेत अशी पद्धत बसली असेल, तर ती कृपया तपशीलवार सांगावी.

दुसरा प्रश्न मला अधिक सतावतो. आदेश न काढता, नोंदवही न ठेवता सहकाऱ्यांना उपयोगी पडेल तेवढेच तंत्रज्ञान वर्गात कसे आणावे? आठवड्यातून एकदा शाळा सुटल्यावर तिघांनी अर्धा तास बसावे आणि एकाने आपली एक कृती इतरांना करून दाखवावी, असे मी सुचवणार आहे. सुरुवात गुरुजींनी करावी अशी माझी इच्छा आहे. पण एका सहकारी शिक्षिकेकडे बीएलओचेही (मतदार यादीचे) काम आहे, तेव्हा हा अर्धा तास त्यांना आणखी एक ओझे वाटेल अशी मला भीती आहे. मुख्याध्यापकाला स्वतःलाच फारसे येत नसेल तर त्याने अशा बैठकीत नेमके काय करावे? मी शिकणाऱ्यांत बसले तर ते योग्य दिसेल का?

ध्वनिमुद्रणाबद्दलही एक शंका आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असे म्हटले आहे. मुलांचे आवाज शिक्षकांच्या खाजगी मोबाइलवर राहू नयेत, ऐकवून झाले की काढून टाकावेत, असे मी सांगितले आहे. आपण संमतिपत्र घेत असाल तर त्याचा मजकूर साध्या मराठीत इथे देता येईल का?

या महिनाअखेरीस शाळा व्यवस्थापन समितीची सभा आहे. ‘एवढे पैसे घालून आणलेला पडदा बंद का असतो?’ हा प्रश्न तिथे नक्की येणार. पटल बंद असतानाही मुले शिकत आहेत हे गुरुजींचे ध्वनिमुद्रण ऐकवून दाखवावे, असे मनात आहे, मात्र ज्यांनी वर्गणी दिली त्यांना ती पळवाट वाटू शकते.

दोन किंवा तीन शिक्षकी शाळांत काम करणाऱ्यांचे अनुभव मला विशेष हवे आहेत. नवीन ॲपची नावे कृपया सुचवू नयेत. ती आमच्याकडे पुरेशी आहेत.