एम.ए. करता करता मूल सांभाळायचं काम: चार ते आठ म्हणजे नेमके किती तास?

परभणीची
पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. करतेय, दुसरं सत्र. जुलैपासून कोथरूडला एका घरी साडेतीन वर्षांच्या मुलाला सांभाळते. दुपारी चार ते आठ, सोमवार ते शुक्रवार, महिना नऊ हजार. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्यानं घेऊन, राहते. कॉटचे साडेचार आणि मेसचे तीन हजार जाऊन घरून एक रुपया मागवावा लागत नाही. घरी मात्र "ट्यूशन घेते" असं सांगितलंय.

परवा रूममेटशी वाजलं. म्हणाली, "एवढं शिकून शेवटी आयाच झालीस." मला तर काम आवडतं. बुटक्या पेल्यातलं दूध उंच पेल्यात ओतलं की हा पठ्ठ्या "जास्त झालं!" म्हणून टाळ्या पिटतो. वर्गात बालमानसशास्त्रज्ञ पियाजेचा तोच प्रयोग शिकवत होते तेव्हा मी एकटीच हसत होते. शिकत असताना असं काम करावं की नाही, स्पष्ट सांगा.

पेठेतला जुना भाडेकरू
नको करूस. आया वगैरे शब्द सोड, हिशोब बघ. पेठेतून कोथरूड जाऊन-येऊन, बसची वाट धरून, दीड तास. म्हणजे रोजचे साडेपाच. महिन्याचे बावीस दिवस धरले तर १२१ तास, ताशी पंचाहत्तर रुपयेसुद्धा पडत नाहीत. सत्राला २२ क्रेडिट आहेत तुम्हाला, त्यावर नेट-सेट, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा. रात्री नऊला मेसचं गार जेवण जेवून कोण पुस्तक उघडतं? मी दोन वर्षं झेरॉक्सच्या दुकानात संध्याकाळ काढली, म्हणून बोलतोय. सेट राहिली ती राहिलीच.

सातारकर
कष्टाची लाज कसली? कर्मवीर अण्णांनी, भाऊराव पाटलांनी, १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली, तिच्या वसतिगृहांत पोरं कमवत कमवत शिकली. आज आपण त्यांच्या पुतळ्याला हार घालतो आणि पोरीनं मूल सांभाळलं की नाक मुरडतो.

मराठवाडी मास्तर
सातारकर, दाखला चुकतोय. वसतिगृहातली पोरं एकत्र राबायची, आणि त्या राबण्यामागे संस्था उभी होती. ही पोरगी चार भिंतींच्या आत एकटी आहे. उद्या तिकडं काही झालं तर कुणाकडं जाणार? आणि बाई, आईबापाला खोटं सांगून काम करणं मला पटत नाही. त्यांना लाज वाटेल असं तूच ठरवून मोकळी झालीस.

वकिलीण
मास्तर, एवढं एकटं नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरात कामाला येणाऱ्या बाईलाही लागू आहे. ते घर हेच तिचं कामाचं ठिकाण, आणि तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. बाकी पगार, सुट्ट्या, वेळ हे सगळं मात्र आपल्याकडे तोंडीच चालतं.

सरळ प्रश्न
मुलींना फी माफ झाली ना आता? मग काम कशाला?

परभणीची
ती २०२४-२५ पासूनची सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे, माझं एम.ए. त्यात बसत नाही. आणि फी माफ झाली तरी कॉट माफ होते का?

हिंजवडीची आई
दुसऱ्या बाजूनं लिहिते. माझ्याकडेही कॉलेजची मुलगी येते. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला २०१७ च्या दुरुस्तीनंतर पाळणाघर बंधनकारक आहे, आमच्याकडे आहेसुद्धा. पण ते हिंजवडीत आणि मी राहते कर्वेनगरला. दोन वर्षांच्या लेकराला रोज चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये बसवू? शिकणारी मुलगी बाळाशी बोलते, गोष्टी सांगते, त्याच्या हातात मोबाईल देऊन मोकळी होत नाही. तिला आम्ही घरच्यासारखंच वागवतो.

औंधची माजी ताई
"घरच्यासारखंच" वाचलं आणि लिहायला बसले.

बी.ए. करताना मी दोन वर्षं हेच केलं. पहिल्या महिन्यात चार ते आठ म्हणजे चार ते आठ. दिवाळीनंतर "अगं, आज मीटिंग लांबलीय" सुरू झालं. मग "बसलीच आहेस तर चार पोळ्या लाटून टाक." मग बाळाला ताप आला आणि त्याच दिवशी माझा पेपर. मी गेले पेपरला, पण अर्धा तास उशिरा, आणि सगळा वेळ डोक्यात त्याचा थर्मामीटर.

त्या बाई वाईट नव्हत्या हो. वाईट असत्या तर सोडणं सोपं गेलं असतं. भांडीवाल्या मावशींच्या महिन्याला दोन सुट्ट्या ठरलेल्या होत्या आणि दिवाळीला एक पगार बोनस. त्या तो ठणकावून मागायच्या. मी "ताई", म्हणून मला ड्रेसचं कापड. घरच्या माणसानं ओव्हरटाइम मागायचा कसा?

काम करू नकोस असं मी म्हणत नाही. मावशींसारखं कर.

पेठेतला जुना भाडेकरू
शेवटचं वाक्य पटलं. नेट-सेटचं माझं म्हणणं मात्र कायम.

लेस्टरकर
इथं ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसावर पदवीला शिकणाऱ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि स्वतंत्र धंदा म्हणून तर अजिबात नाही. तरी आपलीच मंडळी आपल्याच पोरींना रोखीत बोलावतात, "आपलीच आहेस ना गं." पकडली गेली तर व्हिसा तिचा जातो. आपलेपणाची ही खोड समुद्र ओलांडूनही सुटत नाही.

हिंजवडीची आई
औंधची ताई, टोमणा लागला. गेल्या महिन्यात आमची मुलगी किती वेळा उशिरा गेली ते आठवून पाहिलं. पाच वेळा. पैसे एकदाही दिले नाहीत, तिनं मागितलेही नाहीत. पण ताप आला की आम्हीही अडकतो हो, ऐन वेळी कुणाला बोलवायचं?

परभणीची
सगळ्यांना धन्यवाद. मास्तर, आईला रविवारी सांगेन, फोनवर नाही, घरी जाऊन. दुपारी मॅडमना मेसेज टाकलाय: आठनंतर प्रत्येक तासाचे दीडशे, नऊ वाजले तर रिक्षाचे वेगळे, परीक्षेच्या दोन आठवड्यांत सुट्टी, पोळ्या नाहीत. टाकताना हात थरथरत होता. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. सव्वातीन झाले, निघते.