कोविडनंतरचा दम: तुम्ही कसे सावरलात?

सायली_ठाणे: माळा आवरताना तीन गोळ्यांचं ते श्वासाचं यंत्र सापडलं. एप्रिल २०२१, अकरा दिवस ऑक्सिजनवर. घरी आले तर वेणी घालतानाही मध्ये टेकायला लागायचं. यंत्र मी दोन दिवस फुंकतच होते! फिजिओताई म्हणाल्या, "अहो, ओढायचंय ते." दीड महिन्याने तिसरी गोळी वर गेली तेव्हा लेकाने थाळी वाजवली. तुमचं कसं झालं? लिहा.

भटक्या७१: आमच्या त्या गोळ्या मांजराने पळवल्या.
मी शहाणपणा केला. बरं वाटलं म्हणून शनिवारी पर्वती चढलो, रविवारी ठणठणीत, सोमवार ते गुरुवार आडवा. डॉक्टर म्हणाले, दमल्यावर नाही, दमायच्या आधी बसायचं. आंघोळ आणि बाजार एका दिवशी नाही. जोर लावून वाढवायला गेलो की दर वेळी मागे आलोय.

मीनल_क: मला वास. कांदा परतला की सडका वास, आठ महिने. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी असं सकाळ-संध्याकाळ हुंगायचं, वीस-वीस सेकंद. परवडेल तसं घरचंच घेतलं. एक दिवस दूध करपलेलं सासूबाईंच्या आधी मला कळलं. दोघी नाचलो.

गोदाकाठ: निलगिरी कुठली घेतलीत? आईच्या गुडघ्यांना हवी होती.

मीनल_क: 😂 अहो हुंगायला होती ती!

खडू_फळा: सातवीच्या वर्गात 'काटकोन' शब्दच आठवेना. हाताने दाखवत उभी. पोरांनी सांगितला. अजून तासाच्या आधी हातावर शब्द लिहून जाते.

अनामिक_नाशिक: रिपोर्ट सगळे नॉर्मल, म्हणून साहेब रजा देईनात. दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, लिफ्ट बंद. घरीही "मनाचे खेळ". ऑक्टोबर २०२१ मध्ये कोविडनंतरच्या या त्रासाची डब्ल्यूएचओची व्याख्या आली: लागण झाल्यावर साधारण तीन महिन्यांनी असलेली, किमान दोन महिने टिकलेली, दुसरं कारण न सापडणारी लक्षणं. प्रिंट काढून फ्रिजवर लावली. साहेबांना दाखवायचं धाडस झालं नाही.

भटक्या७१: @अनामिक, साहेबांना एकदा जिन्याने वर न्या, मध्ये गप्पा मारत.

सायली_ठाणे: सगळं वाचलं. यंत्र धुऊन आत्ता ओढून पाहिलं, दोनच गोळ्या. कुकर झाला, पळते.

गोदाकाठ: निलगिरीचं राहिलंच.