नागुमोला झोडपणं पुरे! यामागुचीचं ऐकून मिडवे जिंकता आली असती?

दर्यावर्दी:
मिडवे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या अमेरिकन बेटाजवळची जपान-अमेरिका विमानवाहू नौकांची लढाई. कालच्या मिडवेच्या धाग्यावर एकाने ठोकून दिलंय की यामागुचीचं (नागुमोच्या हाताखालचा ॲडमिरल) ऐकलं असतं तर जपान जिंकलाच असता, जपानी विमानवाहू ताफ्याचा प्रमुख नागुमो घाबरट होता. वर त्यावर टाळ्यांचा पाऊस. म्हणून हा वेगळा धागा.

४ जून १९४२, सकाळचे साडेआठ. हिर्यू या विमानवाहू नौकेवरून यामागुची कळवतो, अमेरिकन जहाजांवर हल्ला लगेच सोडा. सोडायचं काय? हिर्यू आणि तिच्या जोडीच्या सोर्यूवरचे तीसहून अधिक डाइव्ह बॉम्बर (सूर मारून बॉम्ब टाकणारी विमानं) खाली हँगरमध्ये, बॉम्ब न लावलेले. लिफ्टने एकेक वर आणा, डेकवर रांगेत लावा, बॉम्ब चढवा, इंजिनं तापवा. जपानी हँगर बंदिस्त, त्यामुळे इंजिनं खाली तापवता येत नाहीत. पाऊण तास गेलाच. त्यात सातपासून मिडवेवरच्या विमानांचे हल्ले चालू, डेक झिरोंच्या (जपानी लढाऊ विमानांच्या) चढउताराने अडलेला. झिरोच्या २० मिमी तोफेला गोळ्या जेमतेम ६०, काही सेकंदांत खलास, की लागला उतरायला. तेवढ्यात पहाटे मिडवे बेटावर हल्ल्याला गेलेली तोमोनागाची शंभरेक विमानं परतलेली, इंधन संपत आलेलं. डेकवर हल्ल्याची विमानं मांडली असती तर ही समुद्रात पडली असती. नागुमोने आधी ती उतरवून घेतली, ९:१८ पर्यंत. यात घाबरटपणा कुठला?

खारा वारा:
वकीलपत्र छान घेतलंय. सव्वासातला टॉर्पेडो काढून ८०० किलोचे जमिनीवरचे बॉम्ब लावायचा हुकूम कुणाचा? अर्धी विमानं जहाजांसाठी राखून ठेवा, असं सरसेनापती यामामोतोने बजावलेलं असताना! अमेरिकन जहाजं दिसल्यावर पावणेआठला पुन्हा उलटा हुकूम. बॉम्ब आणि टॉर्पेडोच्या गाड्या सगळ्या विमानांना एकदम पुरत नाहीत, पोटाखालचे ब्रॅकेटही बदलावे लागतात. टॉर्पेडोऐवजी बॉम्ब लावायलाच दीडेक तास. घाईत काढलेले बॉम्ब कोठारात न पाठवता तिथेच बाजूला. साडेदहाच्या आत नागुमोच्या स्वतःच्या आकागी नौकेवर एकच बॉम्ब थेट बसला आणि जहाज गेलं. का, ते कळलं ना?

कोकणकडा:
मिडवेच्या पलीकडे कुणाला काही दिसतच नाही! हाच घोळ नागुमोने दोन महिने आधी आपल्या शेजारी घातला होता. ५ एप्रिलला कोलंबोवर दुसऱ्या हल्ल्यासाठी बॉम्ब लावायला घेतले, मग ब्रिटिश क्रूझर (युद्धनौका) दिसल्या म्हणून परत टॉर्पेडो. शेवटी कॉर्नवॉल आणि डॉर्सेटशायर बुडवल्या त्या डाइव्ह बॉम्बरनीच. ९ तारखेला ब्रिटिश ब्लेनहाइम बॉम्बर थेट आकागीच्या डोक्यावर आली, बॉम्ब पाण्यात पडले तेव्हा जपान्यांना पत्ता लागला. रडार नव्हतंच. मधल्या ६ तारखेला जपानी ॲडमिरल ओझावाच्या र्युजो या विमानवाहू नौकेची विमानं विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर. ब्रिटिश ॲडमिरल सॉमरव्हिलची वेगवान तुकडी माघार घेऊन मुंबईत आली. पण यावर धागा कोण काढणार?

तोफखाना:
ओझावाचं नाव आलंच आहे तर, पहिला हवाई ताफा (नागुमोकडचा विमानवाहू ताफा) त्यालाच द्यायला हवा होता. विमानवाहू नौका एकत्र वापरायचा आग्रह त्याचा. नागुमो टॉर्पेडोवाला, सेवाज्येष्ठतेवर बसलेला.

दर्यावर्दी:
ओझावा? १९ जून १९४४ची त्याची तैहो विसरलात? चिलखती डेकची नवीकोरी नौका, अमेरिकन अल्बाकोर पाणबुडीचा एकच टॉर्पेडो, आणि सहा तासांनी स्फोट.

तोफखाना:
ते ओझावाच्या माथी मारता? जरा क्रम बघा. टॉर्पेडो ८:१०ला लागला. पुढची लिफ्ट अर्ध्यात अडकली, खालच्या खड्ड्यात पेट्रोल आणि समुद्राचं पाणी साचलं. सुतारांनी वरून फळ्या ठोकल्या, विमानं उडत राहिली. मग पेट्रोलची वाफ घालवायला कुणीतरी वायुवीजन पूर्ण उघडायला लावलं. वाफ जायच्या ऐवजी जहाजभर पसरली. अडीचला एक ठिणगी. हे जहाजावरच्या अधिकाऱ्याचं काम, ॲडमिरलचं नव्हे.

खारा वारा:
आणि दोन वर्षं आधी कोरल समुद्रात लेक्सिंग्टन ही अमेरिकन विमानवाहू नौका याच वाफेने गेली, ते? अमेरिकन त्यातून शिकले. मिडवेला त्यांच्याच यॉर्कटाऊनने हल्ल्याआधीच इंधनाच्या नळ्या रिकाम्या करून त्यात कार्बन डायऑक्साइड भरला. म्हणून तीन बॉम्ब खाऊनही दोन तासांत ती पुन्हा चालायला लागली, इतकी की हिर्यूच्या दुसऱ्या तुकडीला ती वेगळीच नौका वाटली. जपानी नौदल यात ढिम्म. सगळे ॲडमिरल एकाच माळेचे मणी.

कोकणकडा:
तैहोवर दोन पानं, कोलंबोवर एक ओळ नाही. चालू द्या.

दर्यावर्दी:
खारा वारा, म्हणजे दोष एकट्या नागुमोचा नाही, हे तुम्हीच लिहून दिलंत. धन्यवाद.

खारा वारा:
शब्द तोंडात घालू नका. मान्य, यामागुचीची विमानं नऊच्या आधी उडाली नसती. उडाली असती तरी जवळजवळ विनासंरक्षण, कारण झिरो सगळे वर अडकलेले. दुपारी हिर्यूवरून कोबायाशीचे १८ डाइव्ह बॉम्बर ६ झिरो घेऊन गेले, बॉम्बर परतले ५. पण पहाटे एवढा समुद्र धुंडाळायला सात विमानं पाठवली, त्यातलं तोने या क्रूझरचं अर्धा तास उशिरा सुटलं. याचं समर्थन करून दाखवा.

दर्यावर्दी:
शोधाची आखणी नागुमोचा हवाई अधिकारी गेंडाच्या हाताखालची.

तोफखाना:
आणि मंजुरी?

दर्यावर्दी:
नागुमोची. झालं समाधान?