मदत हवी आहे: गुळवेलीच्या काढ्यानंतर आईला कावीळ. बायोप्सी करावी का? आणि मामाला कसं आवरू?

रानजाई:

आई साताऱ्याला असते, वय ५८. थायरॉइडची गोळी बरीच वर्षं चालू आहे. शुगर-बीपी नाही, दारूचा तर प्रश्नच नाही. पावसाळ्यापासून रोज अनशापोटी गुळवेलीचा काढा घेत होती. परसातल्या कडुनिंबावर वेल चढलीय. तिचं बोटाएवढं कांड तोडायचं, खलबत्त्यात ठेचून रात्री भिजत घालायचं, सकाळी उकळून निम्मं आटवून गाळून घ्यायचं. जोडीला शेजारणीने आणून दिलेल्या हळद-मिरीच्या कॅप्सूल.

दिवाळीच्या सुमारास जेवणावरची वासना उडाली. फोडणीच्या वासानेही मळमळायचं. पित्त समजून आठवडाभर मोरावळ्यावर भागवलं. मग लघवी कोऱ्या चहासारखी, अंगाला खाज, आणि शेवटी डोळे पिवळे.

रिपोर्ट असे: बिलिरुबिन ९.४, एसजीपीटी ११८०, एसजीओटी ९६० (यकृताच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणारी एन्झाइम), आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) १.४. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई सगळे निगेटिव्ह. सोनोग्राफीत खडे नाहीत, पित्तनळी मोकळी. एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह, आयजीजी (रक्तातली एकूण प्रतिपिंडं) वाढलेलं.

पुण्यात लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी आधी विचारलं, "घरगुती औषधं काय घेता?" आई म्हणाली, "काही नाही." खोटं बोलली नाही ती. तिच्या लेखी काढा म्हणजे औषध नव्हेच, चहासारखंच काहीतरी. त्यांनी एकेक नाव घेऊन विचारलं, "गुळवेल? अश्वगंधा? हळदीच्या गोळ्या?" तेव्हा कुठे सगळं बाहेर आलं. काढा आणि कॅप्सूल दोन्ही त्याच दिवशी बंद झाले. आता बायोप्सी करू म्हणतात, आणि त्यावरून स्टेरॉइड (प्रतिकारशक्तीचा जोर दाबणारं औषध) द्यायचं की नाही ते ठरवणार.

माझे प्रश्न:

बायोप्सी खरंच गरजेची आहे का? काढा बंद करून नुसती वाट बघितली तर?

तो खरोखर गुळवेलीमुळेच त्रास झाला असेल, की आमच्या परसात भलतीच वेल आहे?

तिसरा प्रश्न वैद्यकीय नाही. मामा कऱ्हाडकडच्या एका गावात "काविळीचं औषध" देतात तिथे आईला न्यायचं म्हणून हटून बसलाय. रविवारी आणि बुधवारी पाल्याचा रस देतात, वर तेल-मीठ बंद आणि उसाचा रस. "इंग्रजी औषधाने कावीळ बरी होत नाही" हे त्याचं पालुपद. आईचा त्याच्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे. काय करू?

गवतीचहा:

गुळवेलीला अमृता म्हणतात, ताई. आमच्याकडे आजीपासून सगळे घेतात, कुणाला काही झालं नाही. अॅलोपॅथीवाल्यांना दुसरं कारण सापडलं नाही की खापर आयुर्वेदावर. कोविडनंतर हे जरा जास्तच चाललंय. थायरॉइडच्या गोळीनेच झालं नसेल कशावरून?

पांढरा कोट:

@गवतीचहा, थायरॉइडची गोळी वर्षानुवर्षं तशीच चालू आहे आणि काढा या पावसाळ्यात सुरू झालाय. संशय कुणावर घ्यायचा ते उघड आहे.

@रानजाई, मी फिजिशियन आहे, पण आईंना तपासलेलं नाही, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

थायरॉइड, एएनए आणि आयजीजी ही तिन्ही माहिती एकत्र ठेवून बघा. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत गुळवेल घेतलेल्या ६ जणांना यकृताला इजा झाल्याचं तिथल्या डॉक्टरांनी नोंदवलं. पुढे २०२२ मध्ये देशभरातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. चित्र बरंचसं तुमच्या आईंसारखं: हिपॅटायटिस, आणि त्यात ऑटोइम्यून वळणाचा. आपल्याच प्रतिकारशक्तीने यकृतावर उलटणं, असा हा प्रकार. गुळवेल प्रतिकारशक्तीला डिवचते म्हणूनच तर लोक घेतात. ज्याच्या शरीरात ही प्रवृत्ती आधीच दबा धरून आहे, थायरॉइडचा आजारही पुष्कळदा त्याच जातीचा असतो, त्याला हे डिवचणं महागात पडू शकतं. आजीला काही झालं नाही यावरून आईंना काही होणार नाही असं ठरत नाही, ते यामुळे.

हळद-मिरीच्या कॅप्सूललाही सोडू नका. मिरीतल्या पायपरिनमुळे हळदीतलं कुरकुमिन कैकपट शोषलं जातं. औषधजन्य यकृतविकारांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या संशोधकांच्या जाळ्याने २०२२ मध्ये हळदीमुळे झालेल्या १० केसेस मांडल्या होत्या. भाजीतली चिमूटभर हळद वेगळी आणि हे वेगळं. डबी फेकू नका, डॉक्टरांना दाखवा.

बायोप्सीबद्दल: नुसत्या रक्तावरून औषधाची इजा आणि मूळचा ऑटोइम्यून हिपॅटायटिस यांत फरक करणं अवघड असतं. यकृताच्या काढलेल्या तुकड्यात सूज कुठे आहे, कोणत्या पेशी जमल्यात, जुनी फायब्रोसिस (यकृतात पडलेले वण) आहे का, हे दिसतं. जुनी फायब्रोसिस दिसली तर आजार आधीपासून होता आणि काढ्याने तो उघडा पाडला, असं समजायचं. त्यावर स्टेरॉइड किती काळ ते ठरतं. औषधामुळे झालेल्या प्रकारात स्टेरॉइड थांबवल्यावर आजार सहसा परत येत नाही, मूळच्यात येतो. जागा बधिर करून उजव्या बरगड्यांमधून सुई घालतात, नंतर काही तास पडून राहायचं. मुख्य धोका रक्तस्रावाचा, म्हणून आयएनआर आधी बघतात. वाढला असेल तर मानेतल्या शिरेतून करतात.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं. एवढं एसजीपीटी आणि वर कावीळ असलेल्या औषधजन्य केसेसमध्ये साधारण दहातला एक दगावतो किंवा प्रत्यारोपणापर्यंत जातो, असा जुना ठोकताळा आहे. तेव्हा "बघू पुढच्या आठवड्यात" नको. एसजीपीटी उतरतंय म्हणून खूश होऊ नका, कधी कधी यकृतात मरायला पेशीच उरत नाहीत म्हणूनही ते उतरतं. नजर आयएनआर आणि बिलिरुबिनवर. आई दिवसा पेंगू लागल्या, रात्री जाग्या राहू लागल्या, बोलताना भरकटू लागल्या, हिरड्यांतून रक्त आलं, तर तासाभरात प्रत्यारोपणाची सोय असलेल्या दवाखान्यात.

वैद्यबुवा:

मी बीएएमएस आहे, प्रॅक्टिस करतो. दोन्ही बाजूंनी शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

जुलै २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने मुंबईच्या अभ्यासाला दिशाभूल करणारा म्हटलं होतं. रुग्णांनी नेमकं काय खाल्लं ते तपासलं नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात असू शकते, असा त्यांचा मुद्दा. मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण माझ्या ओपीडीत कोविडच्या काळात जे लोक येत ते गुळवेल महिनोन् महिने, मात्रा न विचारता, दुसऱ्या चार चूर्णांसोबत घेत होते. वैद्य गुळवेल देतो तेव्हा कुणाला, किती, किती दिवस, हे ठरवून देतो. रोजचा चहा म्हणून नाही.

वेल ओळखायची तर पानावर जाऊ नका, बदामी पानं दोन्हींना असतात. जून कांड बघा. खऱ्या गुळवेलीची साल कागदासारखी पातळ, नखाने सुटते, खाली हिरवं दिसतं. आडवं कापलं की चाकाच्या आऱ्यांसारखी रचना. दुसरी जी टिनोस्पोरा क्रिस्पा, तिच्या कांडावर चामखिळीसारखे फोड असतात आणि साल अशी सुटत नाही. मात्र खरी गुळवेल निघाली म्हणून ती निर्दोष ठरत नाही. तुमच्या केसमध्ये गुळवेल पुन्हा कधीच नाही, कुठल्याही नावाने नाही. गिलोय, गुडूची, अमृतारिष्ट, संशमनी वटी, सगळ्यांत तीच असते. लेबल वाचा.

कोल्हापुरी तडका:

मामाबद्दल लिहितो. आमच्याकडे काकाला असंच नेलं होतं. तिथे बाईंनी आधी हातावर काहीतरी चोळलं आणि चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. पाणी पिवळंधमक! "बघा, कावीळ उतरतेय." अंनिसवाले हेच जाहीर कार्यक्रमात करून दाखवतात. आंब्याच्या सालीचा रस हाताला लावून चुन्याच्या निवळीत धुतला की कुणाचेही हात पिवळं पाणी सोडतात. मामाला सांगू नका, करून दाखवा. त्याचेच हात घ्या.

आणि खरी गोम अशी की हिपॅटायटिस ए किंवा ई ची कावीळ बहुतेकांची आपोआपच बरी होते. श्रेय मिळतं पाल्याला. मामाच्या डोळ्यांदेखत चार जण तिथे बरे झाले असतील, तो खोटं बोलत नाहीये. त्याला फक्त एवढं विचारा की ताईच्या रिपोर्टमध्ये ए आणि ई निगेटिव्ह आहेत, मग ही ती कावीळ कशी?

रानजाई:

सगळ्यांचे आभार. आज आयएनआर १.५, बिलिरुबिन ११. डॉक्टरांनी दाखल करून घेतलंय, बायोप्सी उद्या सकाळी. भावाने परसातून कांड आणलं. साल कागदासारखी निघते, फोड नाहीत, म्हणजे गुळवेलच दिसते. डॉक्टरांनी तो तुकडाही ठेवून घेतला.

मामा इथेच बसलाय. हात धुवायचा प्रयोग अजून केला नाही, वॉर्डात चुना कुठून आणू! पण ए-ई निगेटिव्हचा प्रश्न विचारला तेव्हा गप्प झाला आणि रिपोर्टचा फोटो काढून कुणालातरी पाठवला.

@पांढरा कोट, स्टेरॉइड लागलं तर शुगर वाढेल का? आईच्या बहिणींना सगळ्यांना डायबेटिस आहे, डॉक्टरांना हे सांगायचं राहिलंय.

पांढरा कोट:

वाढू शकते. आत्ताच सांगा, राउंडची वाट बघू नका. सुरू करण्याआधी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) करून घेतील. आणि ही केस औषधदुष्परिणाम म्हणून नोंदवायला डॉक्टरांना सांगा. फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रामच्या १८००-१८०-३०२४ या टोल फ्री नंबरवर रुग्णाच्या घरचेही कळवू शकतात.